उसन्या वेण्या

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण, किंचित संपादित करून)



पत्रिकेत आजचा विषय वाचून मला दोन-तीन फोन आले. 'कृष्णवर्णीयांच्या केशरचना आणि आपले कलावंत', हा गणपतीतला विषय कसा काय? एका काकूंनी तर स्पष्टच सांगितलं, "अगं, टिळकांवर बोल, संतांवर बोल. केसांवर एवढं काय बोलणार?" काकू समोरच बसल्या आहेत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते. काकू, केसांवर बोलण्याचा अधिकार मराठी माणसाइतका कुणाला असणार? आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात कित्येक घरांत नवरा गेला की न्हाव्याला बोलावणं जायचं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. स्वतःच्या मजुरीसाठी नव्हे, दुसऱ्यांच्या केसांसाठी घेतलेला हा निर्णय. केस कुणी ठेवायचे, कुणी काढायचे, कुणी झाकायचे हे ठरवणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, ते आपल्या घरांनी पाहिलेलं आहे. तेवढं ध्यानात ठेवून माझ्याबरोबर जरा लांब, अमेरिकेत चला.

तरुण मंडळींना हे प्रकार ठाऊक आहेत, ज्येष्ठांसाठी सांगते. कपाळापासून मानेपर्यंत डोक्याच्या कातडीला चिकटून ओळीने घातलेल्या बारीक वेण्या तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. मक्याच्या शेतातल्या ओळींसारख्या दिसतात म्हणून त्यांना कॉर्नरोज म्हणतात. डोक्यावर चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून एक सुटी वेणी सोडली की त्या बॉक्स ब्रेड्स. केस वळून वळून जे जाड दोर होतात ते ड्रेडलॉक्स. आणि केस मोकळे वाढवून डोक्याभोवती गोल फुलवलेले, तो अ‍ॅफ्रो. हे केस मुळापासून स्प्रिंगसारखे घट्ट वळलेले असतात. बारीक दातांची फणी घातली की तुटतात, लवकर कोरडे पडतात. वेण्या घालून ठेवल्या की काही आठवडे जपले जातात. म्हणजे आधी ती सोय आहे, मग शोभा. एक डोकं पुरं करायला चार-चार, सहा-सहा तास लागतात. आईच्या नाहीतर मावशीच्या गुडघ्यांमध्ये पोरीनं डोकं देऊन बसायचं. आपल्याकडे रविवारी सकाळी शिकेकाई आणि तेलाची वाटी घेऊन जे चालायचं तेच हे, फक्त पुष्कळ लांबलेलं.

आता हे केस भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन वंशाच्या गायकांच्या, विनोदवीरांच्या, नर्तकांच्या डोक्यावर दिसतात. आधी कॅनडा, इंग्लंड, अमेरिकेत दिसायचे, आता आपल्या रॅपच्या व्हिडिओंत आणि नाचाच्या स्पर्धांतही. आणि कृष्णवर्णीय लोक म्हणतात, हे आमचं आहे, तुम्ही ते बळकावताय. इंग्रजीत याला कल्चरल अप्रोप्रिएशन म्हणतात. मराठीत त्यासाठी जड शब्द काढलेले आहेत, पण मला आपला घरगुती फरक पुरेसा वाटतो. शेजारणीकडून वाटीभर साखर मागून आणली तर ते उसनं. ती घरात नसताना आणली आणि वर "माझ्याच डब्यातली" म्हणून सांगितलं, तर ती उचलेगिरी.

कॉलेजातली मुलं मला विचारतात, "बाई, केसच आहेत ना? त्याचं काय पेटंट असतं?" प्रश्न रास्त आहे. जगात कुणाची वेणी कुणाकडून आली याचा हिशेब लावत बसलो तर आयुष्य पुरायचं नाही. पण ज्यांच्याकडून हे केस आले त्यांना त्यापायी काय भोगावं लागलं, ते आधी ऐका.

१७८६ साली लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होता. तिथल्या गव्हर्नरने फर्मान काढलं की गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनीसुद्धा डोक्याला फडकं बांधावं. त्या केसांत दागिने गुंफून फिरत आणि गोऱ्या बायकांपेक्षा उठून दिसत, ही तक्रार होती. बायका हुशार. त्यांनी रंगीत, भारी रेशमाची फडकी अशी काही बांधली की तीच फॅशन झाली. पण फर्मान ते फर्मानच.

हे जुनं झालं म्हणाल, तर १९८१ मध्ये या. अमेरिकन एअरलाइन्स कंपनीत विमानतळावर काम करणारी एक कृष्णवर्णीय बाई, अकरा वर्षांची नोकरी. ती कॉर्नरोज घालून कामावर आली. कंपनीचा नियम की अशा वेण्या चालणार नाहीत. ती न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली. आमच्या समाजात या वेण्यांना परंपरा आहे, हा भेदभाव आहे, असं तिचं म्हणणं. कोर्टाने ते मानलं नाही. कातडीचा रंग बदलता येत नाही, वेणी सोडता येते, हा एक मुद्दा. कामाच्या वेळात वेण्यांचा अंबाडा घालून त्यावर गंगावन गुंडाळावं, ही सूचना. आणि आणखी एक गोष्ट निकालपत्रात नोंदवली गेली. ही बाई अशा वेण्या घालून पहिल्यांदा आली तेव्हा नुकत्याच त्या वेण्या एका गोऱ्या नटीने सिनेमात घालून लोकप्रिय केल्या होत्या.

तो सिनेमा १९७९ चा, नाव '१०', आणि नटी बो डेरेक. समुद्रकिनाऱ्यावरून धावत येणारी, मणी ओवलेल्या वेण्यांची सोनेरी केसांची मुलगी. त्याआधी कितीतरी वर्षं सिसली टायसनसारख्या कृष्णवर्णीय अभिनेत्री अशा वेण्या घालून टीव्हीवर दिसत होत्या. आज्यांनी नातींच्या त्याहून कितीतरी आधीपासून घातल्या होत्या. पण कोर्टाच्या कागदावर नोंद झाली ती बो डेरेकची. मला हा सगळा वाद या एका निकालात दिसतो. वेणी उसनी घेणारीला पोस्टरवर जागा मिळाली. जिची ती होती तिला सांगितलं गेलं की तू फॅशनची नक्कल करतेयस, आणि ती नोकरीत चालणार नाही.

पुढेही हेच चालू राहिलं. २०१० साली अलाबामात एका बाईला कॉल सेंटरची नोकरी देऊ केली आणि ड्रेडलॉक्स कापणार नाही म्हटल्यावर परत घेतली. वरच्या कोर्टाने २०१६ मध्ये कंपनीच्याच बाजूने कौल दिला. २०१८ च्या डिसेंबरात न्यू जर्सीत शाळेच्या कुस्तीच्या सामन्यात पंचाने सोळा वर्षांच्या मुलाला सांगितलं, केस काप नाहीतर सामना सोड. मॅटच्या कडेला उभा करून सगळ्यांसमोर त्याचे केस कात्रीने कापले. पोरगा कुस्ती जिंकला, पण तो व्हिडिओ पाहा, जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसतो का ते. पुढच्या वर्षी, जुलै २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा कायदा केला की केसांच्या ठेवणीवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. अख्ख्या देशाचा कायदा अजून झालेला नाही.

आता हेच आपल्या अंगणात आणून बघा. तुमच्यापैकी कितीतरी जणांची लेक, भाचा, पुतण्या न्यू जर्सीत आहे. १९८७ साली तिथे जर्सी सिटीत एक टोळी निघाली होती, भारतीयांना हुसकून लावायला. तिने स्वतःला नाव घेतलं 'डॉटबस्टर्स'. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू. रस्त्यात गाठून मारहाण व्हायची. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला इतकं मारलं की तो गेला. बायका कुंकू पुसून बाहेर पडायच्या. सव्वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, सेलेना गोमेझ ही गायिका टिकली लावून नाचली आणि ती झाली फॅशन. तेव्हा आपल्या लोकांना राग आला. तिथल्या एका हिंदू पुढाऱ्याने जाहीर आक्षेप घेतला. तो आक्षेप मला थोडा भाबडा वाटतो, टिकली कुणीही लावावी. पण जिने त्या १९८७ मध्ये दार उघडण्याआधी आरशात बघून कपाळ पुसलं असेल, तिला सेलेनाच्या कपाळावरची टिकली पाहून काय वाटलं असेल, ते मला समजतं. ते समजत असेल तर वेण्यांचा वाद समजायला फार वेळ लागू नये.

म्हणून आपल्या वंशाचे कलावंत यात सापडले की मला जास्त टोचतं. लिली सिंग हे नाव मुलांना माहीत आहे. कॅनडातल्या पंजाबी घरातली मुलगी, यूट्यूबवर विनोद करून मोठी झाली, २०१९ मध्ये एनबीसीसारख्या वाहिनीवर रात्रीचा कार्यक्रम मिळाला. कर्तबगार आहे, यात शंका नाही. पण तिच्यावर टीका झाली की वेण्या, सोन्याच्या साखळ्या, कॅरिबियन ढंगाचं बोलणं हे सगळं कृष्णवर्णीयांचं अंगावर चढवून ती पुढे गेली. तिची बाजू घेणारे म्हणतात, ती टोरांटोच्या स्कारबरोमध्ये वाढली, शेजारीपाजारी कॅरिबियन लोक, तिच्या कानावर तेच पडलं असणार. त्यातही तथ्य आहे. माझं म्हणणं एवढंच की मंच मिळाल्यावर वेण्या सोडून आपल्या घरच्या रूपात यायची सोय तिला आहे. त्या कुस्तीगीर पोराला नाही.

आणि एक देणं आहे. १९६५ पर्यंत अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांचा कोटा होता. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं. तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने जी हवा तयार केली होती तिच्यातून आला. आपले डॉक्टर, इंजिनिअर, आणि आता तिथे गणपती बसवणारी आपली मंडळं त्या दारातून आत गेली. हे आपल्या तिकडच्या पाहुण्यांना फारसं ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी जेवणाच्या टेबलावर कृष्णवर्णीयांबद्दल काय बोललं जातं, ते मी इथे सांगत नाही. तुम्ही ऐकलेलं आहे.

उसनं घेणं नीटही घेता येतं. ९० च्या दशकात अपाची इंडियन नावाचा गायक फार गाजला होता, आमच्या पिढीला 'बूम शॅक अ लॅक' आठवत असेल. स्टीव्हन कपूर, बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधला पंजाबी मुलगा. पोरवयात ड्रेडलॉक्स ठेवायचा, जमैकन पोरांबरोबर त्यांच्या साउंड सिस्टीमवर गायचा. नाव घेतलं तेही सुपर कॅट या जमैकन गायकाच्या 'वाइल्ड अपाची' या टोपणनावावरून, आणि गंमत म्हणजे त्या सुपर कॅटच्या अंगात भारतीय रक्त. हँड्सवर्थमध्ये सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. १९८५ च्या दंगलीत तिथेच दोन आशियाई भावांचा त्यांच्या पोस्ट ऑफिसला लावलेल्या आगीत जीव गेला. पण कपूरने रेगे शिकला तो त्या गल्लीत, त्या लोकांच्या हाताखाली, आणि आपण कुणाकडून शिकलो हे नावातच लिहून ठेवलं. याला मी उचलेगिरी म्हणणार नाही.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "पण जटा तर आपल्याच! शंकराच्या जटा, साधूंच्या जटा. त्यांनीच आपल्याकडून घेतल्या." थोडं खरं असेलही. १८४५ पासून हजारो भारतीय मजूर करारावर जमैकात नेले गेले. गांजा हा शब्द त्यांच्याबरोबरच तिकडे गेला. रास्ताफारी पंथाच्या जटांवर आपल्या साधूंची छाया आहे, असं काही अभ्यासक मानतात. दुसरे केनियातल्या माउ माउ बंडखोरांकडे बोट दाखवतात. पण समजा, आपल्याकडूनच गेल्या. १९६३ मध्ये जमैकात पोलिसांनी रास्ताफारींना पकडून त्यांच्या जटा कापल्या, मारलं, तुरुंगात टाकलं. सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती २०१७ मध्ये. त्या जटांची किंमत ज्यांनी मोजली त्यांना "मूळ आमचं" असं सांगायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि आपल्या जटांचं बोलायचं तर सौंदत्ती बेळगावपासून किती लांब आहे? आपल्याच जिल्ह्यात. मुलीच्या केसांत जट आली की यल्लम्माचं बोलावणं आलं, असं मानायचे. जट कापायची नाही, पोरगी देवीला सोडायची. पुढे तिचं काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत. कर्नाटकाने १९८२ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, आणि आजही कार्यकर्ते घरोघर जाऊन बायकांना समजावून जट काढतात. बहुतेकदा तो केसांची निगा न राखल्याने झालेला गुंता असतो, एवढंच. पण कुणाच्या पोरीला जट आली म्हणजे देवीकडे जायचं, आणि कुणाच्या पोरीच्या केसांचा गुंता आई तेल लावून सोडवते, हे जातीवरून ठरत होतं. तेच केसांचे दोर आता हरमलच्या किनाऱ्यावर टपरीत पैसे देऊन करून मिळतात.

गोव्याचं नाव निघालंच आहे. आपण शनिवार-रविवार उठून गोव्याला जाणारी माणसं. कळंगूटच्या वाळूत बायका मण्यांच्या वेण्या घालून देतात, आपल्या पोरी हौसेने घालून घेतात, सोमवारी शाळेत ओरडा खातात. त्यात मला काही गैर दिसत नाही, त्या बायकांचं पोट आहे. पण त्याच गोव्यात २०१३ साली एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याचे देशबांधव पर्वरीला रस्त्यावर उतरले, आणि राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं. नंतर दिलगिरी व्यक्त केली. खातं कोणतं होतं माहीत आहे? कला आणि संस्कृती. बेंगळुरूत २०१६ मध्ये एका टांझानियन विद्यार्थिनीला जमावाने गाडीतून ओढून मारलं. अपघात दुसऱ्याच कुणीतरी केला होता, दुसऱ्याच देशाच्या माणसाने. रंग आणि केस सारखे, एवढं पुरलं.

म्हणून आपल्याकडच्या रॅपर पोरांनी वेण्या घातल्या की मला पहिला राग त्यांचा येत नाही. 'गली बॉय' नंतर गल्लीगल्लीत मुलं गायला लागली, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या चाळीबद्दल. हिप-हॉप १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्या गरिबीतून निघाला, तिच्याशी या मुलांचं नातं आहे. राग येतो तो मोठ्यांचा. २०२० मध्ये 'खाली पीली' नावाच्या सिनेमात एक गाणं आलं. गोऱ्या मुलीपुढे बियॉन्सेलाही लाज वाटेल, असा त्याचा भाव. बियॉन्सेचा ठेका हवा, तिच्यासारखा नाच हवा, आणि सौंदर्याची गोष्ट आली की गोरी. ओरड झाल्यावर निर्मात्यांनी तिचं नाव काढलं. 'गोरी' राहिलीच.

आणि कृष्णवर्णीय म्हणजे कुणी लांबचे, असं आपण इथे बसून म्हणू शकत नाही. खानापूरच्या पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं, आणि पुष्कळसे तिथून सुटून घाटावरच्या रानात आले. कोकणी बोलतात, कन्नड बोलतात, कित्येकांना मराठी येतं. काही हिंदू, काही मुसलमान, काही ख्रिस्ती. २००३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले. बसमध्ये त्यांना अजूनही लोक इंग्रजीत विचारतात, कुठल्या देशाचे? आणि आपल्या घरात कुरळ्या केसांच्या पोराला काय म्हणतात? एक तर सत्यसाईबाबा, नाहीतर हबशी. पहिलं लाडाने, दुसरं कसं, ते तुम्हीच सांगा. मलिक अंबरही हबशीच होता. निजामशाही वाचवायला तो चालला, शिवरायांचे आजोबा मालोजीराजे त्याच निजामशाहीच्या चाकरीत होते, हे शाळेत शिकतो. शब्द मात्र शिवीसारखा वापरतो.

आता शेवटचं, आणि हे सांस्कृतिक समितीसाठी. परवा मुलांच्या तालमीला डोकावले होते. शनिवारच्या कार्यक्रमात आठवी-नववीच्या मुलांचा हिप-हॉपचा नाच आहे. छान बसवलाय, पोरं जीव ओतून नाचतात. पण मधल्या एका तुकड्यात चार मुलांना काळा रंग फासून, डोक्यावर गोल पिंजारलेले विग घालून नाचवायचं ठरलंय, लोकांनी हसावं म्हणून. माझी विनंती आहे, तो रंग आणि ते विग काढा. नाच राहू द्या. वेण्या ज्या मुलींना घालायच्या आहेत त्यांना घालू द्या, मात्र निवेदनात दोन वाक्यं असू द्या, हा नाच कुठे जन्मला, या वेण्या कुणाच्या. निवेदन मी लिहून देते.

आणि पुढच्या वर्षी हल्याळकडच्या सिद्दींच्या दमामी पथकाला बोलवा. त्यांचा ढोल आणि त्यांचा नाच या मंचावर त्यांनाच करू द्या. पुण्याहून ऑर्केस्ट्रा आणतो तेव्हा जे मानधन देतो तेवढंच त्यांना द्या, जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. खजिनदार माझ्याकडे बघतायत. विग भाड्याने आणून झाले असतील तर तेवढं भाडं माझ्या वर्गणीत धरा.